मोजायचे ते फूटरेस्टपासून

सहा फुटांपुढे उंची गेलेला माणूस मोटारसायकल घ्यायला निघाला, की घरचे, मित्र आणि शोरूममधला विक्रेता त्याला एकच गोष्ट सांगतात : "तुला काय, कोणतीही गाडी चालेल. पाय तर आरामात टेकतात." सल्ला मनापासूनचा असतो, पण पाय टेकणे हा उभ्या गाडीचा प्रश्न आहे. गाडी चालू लागली की पाय फूटरेस्टवर जातात आणि बुलढाण्याहून शेगावला जायचे म्हटले तरी दीड-दोन तास तिथेच राहतात. तेवढा वेळ गुडघे किती दुमडलेले आहेत, पाठ किती वाकलेली आहे, हात कुठवर पोहोचतात, यावर उंच माणसाचा प्रवास सुखाचा की दुखण्याचा हे ठरते.

माहितीपत्रकात 'सीटची उंची' म्हणून एक आकडा छापलेला असतो. तो जमिनीपासून मोजलेला असतो आणि कमी उंचीच्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. उंच माणसाला जे माप हवे ते माहितीपत्रकात नसते. ते टेप घेऊन स्वतःच मोजावे लागते. या प्रकरणात तेच माप समजून घेऊ आणि मग बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनीवर ते लावून पाहू. एकाच जिल्ह्यात घाट, काळ्या मातीची पांदण, सरळ राष्ट्रीय महामार्ग आणि सातपुड्याची दगडी वाट असे सगळे असल्यामुळे इथे गाडीची निवड नीट तपासली जाते.

गाड्या लहान मापाच्या का?

भारतातल्या प्रौढ पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच आहे. कंपनी गाडी आखते ती बहुतेकांना डोळ्यांसमोर ठेवून, आणि त्यात गैर काही नाही. गावोगावी राजदूत, येझदी आणि बुलेट धावत होत्या तेव्हा गाड्या जड होत्या. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि चित्र पालटले. हलकी गाडी, थोडे पेट्रोल, कमी देखभाल. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि शेतकरी, शिक्षक, दूधवाला, तलाठी अशा सगळ्यांची ती गाडी झाली. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे. सरासरी उंचीच्या माणसाला ती अगदी मापात बसते. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला तीच गाडी आखूड पडते, कारण तिची प्रत्येक गोष्ट, सीटपासून फूटरेस्टपर्यंत आणि फूटरेस्टपासून हँडलपर्यंत, दुसऱ्या शरीराच्या हिशेबाने ठरलेली असते.

मातीच्या वाटेसाठी वेगळी गाडी आपल्याकडे उशिराच आली. २०११ मध्ये हीरोने इम्पल्स आणली. दीडशे सीसीची ती उंच गाडी काळाच्या पुढची होती आणि फार टिकली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली. त्यानंतर केटीएम ३९० अॅडव्हेंचर, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, नवी हिमालयन ४५० अशी रांगच लागली. म्हणजे उंच माणसाला निवड करता येईल असे दिवस गेल्या दहाएक वर्षांतले आहेत.

गुडघ्याचे गणित

माणसाची मांडी आणि पिंडरी यांची लांबी त्याच्या उंचीच्या जवळपास पाव-पाव असते. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाची मांडी सुमारे साडेचाळीस सेंटीमीटर भरते, पिंडरीही तेवढीच. १८८ सेंटीमीटरच्या, म्हणजे सहा फूट दोन इंचांच्या माणसात दोन्ही सुमारे सेहेचाळीस सेंटीमीटर असतात. दोघांना एकाच गाडीवर बसवू आणि खुब्याच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचे सरळ अंतर ६२ सेंटीमीटर आहे असे धरू. त्रिकोणाचे साधे गणित केले तर पहिल्याचा गुडघा सुमारे १०० अंशांत उघडा राहतो आणि दुसऱ्याचा ८५ अंशांत येतो. म्हणजे काटकोनापेक्षाही जास्त दुमडतो. त्याला पहिल्याइतकाच सुखाचा कोन हवा असेल, तर तेच अंतर साडेसत्तर सेंटीमीटर लागेल. फरक साडेआठ सेंटीमीटरचा आहे.

काटकोनाहून जास्त दुमडलेल्या गुडघ्यात वाटीवर दाब वाढतो आणि मांडीचा पुढचा भाग ताणलेला राहतो. अर्ध्या तासात गुडघा अवघडतो, तासाभरात माणूस पाय फूटरेस्टवरून काढून खाली सोडू लागतो. चालत्या गाडीवर पाय लोंबकळले की मागचा ब्रेक पायाखाली राहत नाही. म्हणून गुडघ्याचा कोन सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

आता सीटच्या उंचीचा आकडा कसा फसवतो ते पाहा. रॉयल एनफील्ड मीटिओर ३५० ची सीट अवघी ७६५ मिलिमीटर आहे, स्प्लेंडरपेक्षाही खाली. पण तिचे फूटरेस्ट पुढे आहेत, त्यामुळे उंच माणसाचे पायही बऱ्यापैकी मोकळे राहतात. यामाहा आर-१५ ची सीट ८१५ मिलिमीटर आहे, मीटिओरपेक्षा पाच सेंटीमीटर उंच. पण फूटरेस्ट मागे आणि वर घेतलेले असल्याने तिच्यावर उंच माणूस घडी घातल्यासारखा बसतो. जमिनीपासूनचा आकडा मोठा असूनही त्रास तिथेच जास्त आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत उंच शरीराची हीच अडचण होते. फ्रान्सचा लोरिस बाझ १९२ सेंटीमीटर उंचीचा असूनही मोटोजीपीत धावला, पण अशा गाड्यांवर वाऱ्याआड दडून बसणे लांब हातापायांच्या माणसाला इतरांपेक्षा अवघडच जाते.

मातीच्या गाड्यांतही हा फसवा आकडा भेटतो. एक्सपल्स २०० ४व्ही ची सीट ८२५ मिलिमीटरवर आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटरवर आहे. तिच्याच 'प्रो' प्रकाराची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे. ६६ मिलिमीटर वाढले म्हणून उंच माणूस खूश होतो. पण प्रोचे पोट २७० मिलिमीटरवर आहे, म्हणजे त्यातले ५० मिलिमीटर अख्खी गाडीच वर उचलली गेल्याने आले. फूटरेस्टही तिच्याबरोबर वर गेले. गुडघ्याच्या वाट्याला ढोबळमानाने दीड सेंटीमीटर उरतो. याउलट हिमालयन ४५० मध्ये गादीच ८२५ वरून ८४५ मिलिमीटरवर बसवता येते. हे २० मिलिमीटर फूटरेस्टपासून वाढतात, म्हणून ते खरे. गुडघा त्याने दोन-तीन अंश उघडतो.

हाच नियम शॉकअप आणि टायरलाही लागू आहे. शॉकअप कडक केला किंवा जाड टायर घातला तर गाडी उंच होते, पण फूटरेस्ट आणि सीट एकाच चासीला जोडलेले असल्याने त्यांच्यातले अंतर तसूभरही बदलत नाही. त्या बदलांचे इतर फायदे असतील, गुडघ्याला मात्र काही मिळत नाही. मोजायचे ते फूटरेस्टपासून.

बसण्याचे माप, उभे राहण्याचे माप

डांबरी रस्त्यावर आपण बसून चालवतो. दगडगोट्यांत, ओढ्यात, खोल चाकोरीत मात्र फूटरेस्टवर उभे राहून चालवावे लागते. उभे राहिले की गुडघे आणि घोटे हे शरीराचे शॉकअप होतात, गाडी खाली डावी-उजवी हलत राहते आणि वरचे शरीर तोल धरून राहते. इथे उंच माणसापुढे दुसराच प्रश्न येतो. हँडल त्याला खाली पडते. तो कमरेत वाकून, मान वर काढून उभा राहतो आणि पाच मिनिटांत पाठ धरते. शिवाय वाकलेला माणूस आपला भार मनगटांवर टाकतो, त्यामुळे पुढचे चाक मातीत रुतते आणि हँडल हातातून ओढले जाते.

म्हणून मातीच्या गाडीत दुसरे माप घ्यायचे ते फूटरेस्टपासून हँडलच्या मुठीपर्यंत. फूटरेस्टवर उभे राहून गुडघे जरासे सैल ठेवले, तर मुठी साधारण कमरेच्या पातळीला आणि कोपर किंचित वाकवून हाताशी याव्यात. त्या खूप खाली राहत असतील तर हँडलखाली दोन-तीन सेंटीमीटरचे ठोकळे, म्हणजे रायझर, बसवतात. त्यापुढे गेले की क्लच-अॅक्सिलरेटरच्या वायरी आणि ब्रेकचा होज पाइप ताणला जातो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठलीही वायर ओढली जात नाही ना, हे बघितल्याशिवाय असा बदल करू नये.

मातीत लांब पायांचा फायदाही मोठा आहे. ८९१ मिलिमीटरची गाडी सरासरी उंचीच्या माणसाला उतारावर थांबवणे जड जाते. उंच माणूस सहज पाय रोवतो. जी गाडी इतरांना परवडत नाही ती त्याला खुली आहे. रस्त्यावर उंची अडते, मातीत तीच उपयोगी पडते.

घाटावर, घाटाखाली आणि सातपुड्यात

बुलढाण्यात माणूस कुठला हे विचारले की उत्तर येते, घाटावरचा किंवा घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा दुभागला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, तर खोरे अडीचशे ते तीनशे मीटरवर. मोताळ्याकडे जाताना राजूर घाट आणि खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथ्याचा रस्ता ही उतरंड पार करतात.

घाटात उंच माणसाने एक गोष्ट आवर्जून तपासावी. हळू वेगात हँडल पूर्ण वळवले असता मूठ किंवा स्विच गुडघ्याला लागतो का? लागत असेल तर अरुंद वळणावर किंवा बांधावरून गाडी फिरवताना ऐन वेळी हँडल अडते. उंच शरीरामुळे गाडी आणि माणूस यांचा एकत्रित गुरुत्वमध्यही वर जातो. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर जास्त सरकतो. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबण्याची सवय आणि एबीएस असलेली गाडी, या दोन्हींचा उंच माणसाला अधिक उपयोग आहे.

घाटाखालची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पूर्णेकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. पांदण रस्त्यावर ती टायरला गुंडाळत जाते आणि टायर व मडगार्ड यांच्यातली फट भरून चाक जाम करते. अशा वेळी अश्वशक्ती कामी येत नाही. कामी येतो तो गाडीचा हलकेपणा, मडगार्डखालची मोकळी जागा आणि जमिनीवर भक्कम टेकणारे लांब पाय. स्प्लेंडर ११२ किलोची आहे, एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची, हिमालयन ४५० ही १९६ किलोची. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलायची वेळ आली की हा फरक दंडांना कळतो.

संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. अंबाबरवा अभयारण्याचा परिसर आणि भिंगाऱ्याकडच्या आदिवासी गावांच्या वाटा दगडी, चढाच्या आणि ओढ्यांच्या आहेत. अभयारण्यात मोटारसायकल फक्त परवानगी असलेल्या रस्त्यांवरच न्यावी, हे वेगळे सांगायला नको. अशा वाटेवर पुढचे २१ इंची स्पोकचे चाक उपयोगी पडते. चाक जितके मोठे, तितके ते दगडाला कमी चढाने भिडते आणि धक्का न देता वर चढते. शिवाय स्पोकचे चाक धक्का लागून वाकले तरी बऱ्याचदा दुरुस्त होते.

राहिला महामार्ग. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा अशा तालुक्यांमधून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. बुलढाण्याच्या मोटारसायकलस्वारासाठी महामार्ग म्हणजे खामगाव-नांदुरा-मलकापूरमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि जिल्ह्यातले इतर रस्ते. तिथे ताशी सत्तर-ऐंशीचा वेग पुष्कळ झाला. त्यामुळे फक्त वेगासाठी मोठे इंजिन घेण्याचे कारण इथे फारसे उरत नाही. मोठ्या इंजिनच्या गाडीची चौकट मोठी असते आणि उंच माणसाला तिच्यावर जागा मिळते, हे मात्र वाजवी कारण आहे.

कोणाला कोणती?

रोज शाळा, कचेरी, बाजार, आणि मागे कुटुंबातले कोणी, असा वापर असेल तर शंभर-सव्वाशे सीसीतच शोधावे. त्यात बजाज प्लॅटिनाची सीट ८०७ मिलिमीटरवर आहे आणि गादी लांब आहे. उंच माणूस आखूड गादीवर मागे सरकतो, मागच्याला जागा उरत नाही आणि भार मागच्या चाकापलीकडे गेल्याने पुढचे चाक हलके पडते. लांब गादीने हे टळते.

नातेवाइकांकडे अकोला, जालना, जळगाव असे अंतर वरचेवर कापणाऱ्याने साडेतीनशे सीसीच्या सरळ बैठकीच्या गाड्या पाहाव्यात. बुलेट आणि क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे, हँडल जवळ आणि वर आहे. वजन १९५ किलो असल्याने त्या डांबरावर स्थिर वाटतात, चिखलात मात्र त्यांना नेऊ नये.

अर्धा प्रवास डांबरावर आणि अर्धा खराब रस्त्यावर असेल तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स (सीट ८३५ मिलिमीटर) किंवा हिमालयन ४५० बघावी. शेत पांदणीच्या टोकाला असेल, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी काम असेल, तर एक्सपल्ससारखी हलकी गाडी. प्रो प्रकार फक्त त्यानेच घ्यावा ज्याला मातीत चालवण्याचा सराव आहे आणि मागे कुणाला बसवायचे नाही.

घेतल्यावरचे बदल

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक बदल गादीचा आहे. सीट कव्हरवाल्याकडून चांगल्या प्रतीचा फोम घालून गादी दोन-तीन सेंटीमीटर उंच आणि मागे सपाट करून घेता येते. फोम मऊ नको. मऊ फोम भाराने दबला की मिळवलेली उंची परत जाते. कंपनीची उंच गादी मिळत असेल तर तीच घ्यावी.

दुसरा बदल गिअरच्या दांडीचा. आपल्या बऱ्याच गाड्यांना टाच आणि चवडा अशा दोन्हींनी दाबायची दांडी असते. अकरा नंबरचा जोडा तिच्यात अडकतो. दांडी तिच्या दात्यांवर एक घर फिरवून बसवली, किंवा एकेरी दांडी लावली, की घोट्याचा ताण जातो. मागच्या ब्रेकच्या पेडलची उंचीही नटाने बदलता येते. या दोन्ही गोष्टी कोणताही मेकॅनिक थोड्या वेळात करून देतो.

तिसरे, शॉकअप भाराप्रमाणे लावणे. उंच माणूस सहसा वजनानेही जास्त असतो. गाडीवर बसल्यावर मागचा शॉकअप त्याच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दबावा. एक्सपल्स २०० च्या मागच्या चाकाची हालचाल १७० मिलिमीटर आहे, म्हणजे ती पाचएक सेंटीमीटर बसावी. स्प्लेंडरचा शॉकअप पाच टप्प्यांत कडक करता येतो, पण अनेकांची गाडी आयुष्यभर कारखान्याच्या टप्प्यावरच धावते.

फूटरेस्ट खाली घेण्याचा मोह होतो. रस्त्याच्या गाडीत ते वळणावर घासतात आणि मातीच्या गाडीत दगडाला आपटतात, म्हणून तो बदल शेवटी आणि जपून करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मूलभूत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. चासी कापणे, चिमटा लांबवणे, वेगळ्या मापाची चाके घालणे असले प्रकार करूच नयेत. अपघातानंतर विम्याच्या वेळीही ते अंगाशी येतात.

वाऱ्याचाही विचार करावा. हँडलपुढची मूळ काच सरासरी उंचीसाठी असते. तिच्यावरून उसळलेला वारा उंच माणसाच्या थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोके थरथरते. काच उंच तरी करावी, नाहीतर काढून टाकावी. छातीवर येणारा सरळ वारा डोक्यावर आदळणाऱ्या खवळलेल्या वाऱ्यापेक्षा कमी थकवतो.

शोरूममध्ये

गाडी बघायला जाताना मोजायची टेप सोबत न्या. रोज घालता तेच जोडे आणि हेल्मेट घाला. गादीच्या बसण्याच्या जागेपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर आवडलेल्या प्रत्येक गाडीवर एकाच पद्धतीने मोजा आणि लिहून ठेवा. तीन गाड्या मोजल्या की फरक आपोआप दिसतो. गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला धरायला सांगून दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा आणि दहा मिनिटे तसेच बसा. विक्रेत्याला थोडे विचित्र वाटेल, वाटू द्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून गुडघा तपासा. मातीची गाडी असेल तर फूटरेस्टवर उभे राहून मुठींपर्यंत हात येतो का बघा. मागे बसणाऱ्यालाही सोबत आणा आणि दोघांनी मिळून बसून पाहा.

चाचणीची फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर संपवू नका. रोजच्या वाटेसारखा खराब तुकडा मागून घ्या. गाडीवर काही वर्षे रोज बसायचे असते, आणि विशी-तिशीतला गुडघा तक्रार न करता सोसतो ते पन्नाशीत वसूल करतो. माप आज मनासारखे बसत नसेल, तर रंग, किंमत किंवा मित्राचा आग्रह यांपैकी कशासाठीही ती गाडी घेऊ नका. दुसऱ्या शोरूमला जा आणि टेप पुन्हा फूटरेस्टला लावा.